रांगेतला मधला माणूस

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये घरात कुणी गेले की चर्चची घंटा वाजे आणि नेमून दिलेल्या म्हाताऱ्या बायका प्रेत पाहायला येत. कशाने मेला ते त्या ठरवत, चर्चच्या कारकुनाला सांगत, आणि दर आठवड्याला शहरभरातल्या मृत्यूंचे पत्रक छापून विकले जाई. प्लेग वाढतोय की उतरतोय हे कळावे, पैसेवाल्यांना गाव सोडून जायला वेळ मिळावा, यापलीकडे त्या पत्रकांचा कुणी फारसा उपयोग करत नसे. फिती-बटणांसारख्या किरकोळ मालाचा व्यापार करणाऱ्या जॉन ग्रॉन्टने ती वर्षानुवर्षांची पत्रके जमवली, बेरजा मारल्या आणि १६६२ साली त्यांवर एक लहानसे पुस्तक काढले. त्या पुस्तकात एक तक्ता आहे. शंभर जीव जन्माला आले तर त्यातले ३६ सहा वर्षांच्या आत जातात. सहा ते सोळा या दहा वर्षांत २४ जातात. पुढे दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी १५, ९, ६, ४, ३, २ आणि शेवटी १.

आज दहावीच्या बीजगणितात ‘वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्यक काढा’ असा प्रश्न येतो, तेव्हा मुलांसमोर अगदी याच घडणीची सारणी असते. डावीकडे वर्ग, उजवीकडे वारंवारता. ग्रॉन्टच्या तक्त्यावर तीच रीत लावून पाहू. एकूण शंभर, निम्मे पन्नास. वरून बेरीज करत यायचे: पहिल्या वर्गात ३६, दुसऱ्याअखेर ६०. म्हणजे पन्नासावा जीव दुसऱ्या वर्गात, सहा ते सोळा वर्षांच्या दरम्यान. ३६ आधीच मोजून झाले, पन्नासाला पोचायला आणखी १४ हवेत, आणि या वर्गात आहेत २४. वर्गाची रुंदी दहा वर्षे. १४ ला २४ ने भागून दहाने गुणले की ५.८३ येतात. ते सहात मिळवले की ११.८३. ग्रॉन्टच्या लंडनमध्ये जन्मलेल्या मुलांपैकी निम्मी बारावा वाढदिवस पाहण्याआधीच मरत, असे त्याचा तक्ता सांगतो.

आता याच तक्त्याची सरासरी काढू. प्रत्येक वर्गाचा मध्य घ्यायचा, वारंवारतेने गुणायचा, बेरजेला शंभराने भागायचे. उत्तर येते १८.२२ वर्षे. एकाच तक्त्यातून निघालेली ही दोन उत्तरे. एक बारा वर्षांच्या आतले, दुसरे अठराच्या पुढचे. कुठले खरे?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो दोन सख्ख्या भावांच्या पत्रव्यवहारात. लंबकाचे घड्याळ बनवणारा, शनीभोवतीचे कडे ओळखणारा डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आणि त्याचा भाऊ लोडेवाइक यांची १६६९ साली ग्रॉन्टच्या तक्त्यावरून चर्चा झाली. लोडेवाइकने सरासरी काढली: अठरा वर्षे दोन महिने. ख्रिस्तियानने वेगळेच केले. वय आडव्या रेषेवर, हयात माणसांची संख्या उभ्या रेषेवर घेऊन त्याने ग्रॉन्टच्या आकड्यांमधून एक वक्र काढला आणि पन्नासाची पातळी त्या वक्राला कुठे छेदते ते पाहिले. त्याचे उत्तर सुमारे अकरा वर्षांचे आले. मग त्याने भावाला कळवले की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या पुढच्या आयुष्याचे मोल ठरवायचे असेल, वर्षासन विकायचे असेल, तर सरासरी धरावी. पण तो जगेल की मरेल यावर बरोबरीची पैज लावायची असेल तर दुसरे वय धरावे, जिथे जगण्याची आणि मरण्याची शक्यता सारखी आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पत्रात लिहिलेले हे वाक्य सांख्यिकीच्या इतिहासातल्या मोठमोठ्या सिद्धांतांइतकेच मोलाचे आहे असे मला वाटते. आकड्याला आधी प्रश्न विचारावा लागतो, उत्तर त्यानंतर निवडायचे असते, हे त्यात आहे. आपल्याकडे दहावीची मुले दोन्ही सूत्रे पाठ करतात. कोणते केव्हा लावायचे हे त्यांना प्रश्नपत्रिकाच सांगून टाकते.

ख्रिस्तियानचे अकरा आणि आपले ११.८३ यांतला फरकही पाहण्याजोगा आहे. सूत्राने आपण गृहीत धरले की सहा ते सोळा या दहा वर्षांत ते २४ मृत्यू सारखे पसरलेले आहेत, दरवर्षी तितकेच. पण मुले लहान असताना जास्त मरत, मोठी होत गेली की कमी. म्हणजे त्या वर्गातले मृत्यू सुरुवातीच्या वर्षांकडे झुकलेले असणार आणि खरे मधले वय सरळ भागाकारापेक्षा थोडे अलीकडे असणार. ख्रिस्तियानच्या वळणदार रेषेत ते झुकणे आपोआप आले. वर्गातली सगळी माणसे सारख्या अंतराने उभी आहेत हे गृहीतक सारणीवरून मध्यक काढण्याच्या अगदी मुळाशी आहे. सूत्राच्या चौकटीत ते कुठेच लिहिलेले नसते. शिकवताना ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले पाहिजे.

ग्रॉन्टच्या बाबतीत आणखी खाली उतरले की तक्त्याचा पायाच हलतो. त्या पत्रकांत मेलेल्याचे वय लिहीतच नसत. २० वर्षांतल्या २,२९,२५० मृत्यूंची कारणे चाळून त्याने कुठली कारणे फक्त लहान मुलांची असतात ते ठरवले: दात येतानाचे आजार, जंत, मुडदूस, झटके. ती बेरीज एकूण मृत्यूंच्या एक तृतीयांशाच्या जवळ गेली. देवी, गोवर यांसारख्या रोगांतले निम्मे त्याने त्यात धरले आणि ३६ टक्क्यांवर पोचला. शहात्तरीपलीकडे एखादाच जातो असे मानले. मग ६४ आणि १ यांच्यामध्ये प्रमाणशीर घटत जाणारे सहा आकडे बसवले आणि तक्ता पुरा केला. म्हणजे मधले आकडे मोजलेले नव्हतेच. ते बेताने भरलेले होते, आणि हे ग्रॉन्टने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपला आकडा कसा आला हे सांगणारा माणूस मला नेहमीच त्याच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

मोजलेला तक्ता यायला आणखी तीस वर्षे लागली. ब्रेस्लाउ शहरातल्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या, कास्पार नॉयमान नावाच्या पाद्र्याने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतले जन्म आणि मृत्यू वयासकट टिपून ठेवले होते. ते कागद लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोचले आणि एडमंड हॅलीच्या हाती आले. धूमकेतूमुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा हॅली. १६९३ साली त्याने त्यावरून तक्ता प्रसिद्ध केला आणि तो कसा वापरायचा तेही लिहिले. त्याचे एक उदाहरण तीस वर्षांच्या माणसाचे आहे. तक्त्यात तिसाव्या वर्षी हयात माणसे ५३१. त्याचे निम्मे २६५. हा आकडा तक्त्यात ५७ आणि ५८ या वयांच्या दरम्यान सापडतो. म्हणून तीस वर्षांच्या माणसाने आणखी २७-२८ वर्षांची आशा धरावी. निम्मे करणे, संचित आकड्यांच्या रकान्यात ते निम्मे शोधणे, दोन ओळींच्या मधले वय सांगणे. आपली मुले करतात ते सगळे हॅलीच्या लेखात आहे. त्याला ‘मध्यक’ असे नाव मात्र अजून नव्हते.

नाव रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समध्ये कुर्नोने १८४३ साली ते वापरले, इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने १८८० नंतर. गॉल्टनविषयी लिहिताना हे आधी सांगायला हवे की माणसांची प्रतवारी लावून ‘चांगले वंश’ वाढवण्याच्या विचाराला नाव देणारा आणि त्याचा प्रचार करणारा हाच माणूस. त्या विचाराने पुढे जगात जे केले ते विसरता येत नाही. तरी मध्यकाची बाजू त्याच्याइतकी नेमकी फार थोड्यांनी मांडली. १९०७ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याने ‘नेचर’ या साप्ताहिकात लिहिले की ज्यूरीला नुकसानभरपाईची रक्कम ठरवायची असेल तर प्रत्येकाच्या आकड्याची सरासरी घेऊ नये, कारण सरासरीत जो जितका बेताल आकडा सांगेल तितके त्याचे वजन वाढते. मधला आकडा घ्यावा. त्यात प्रत्येकाचे मत एकाच मोलाचे राहते. पुढे त्याने प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनातली ७८७ तिकिटे तपासली. कापून साफ केल्यावर बैलाचे वजन किती भरेल याचा अंदाज लोकांनी त्या तिकिटांवर लिहिला होता. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन होते ११९८ पौंड.

एकाचे मत एकाच मोलाचे, हे लक्षात ठेवून आपल्या देशाकडे येऊ.

दादाभाई नौरोजी राजकारणात येण्याआधी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत. हिंदुस्थानातल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न दरडोई २० रुपये आहे हा त्यांचा हिशेब १८७६ साली पुढे आला. प्रांतवार पिके, जिन्नस, भाव यांची बेरीज करून आणि लोकसंख्येने भागून तो काढलेला होता. कैद्याला जगवायला जो खर्च होतो तितकेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी त्यावरून दाखवले. आणि ही सरासरी आहे, वरचे वर्ग जास्त घेतात म्हणून गरिबाच्या हाती याहून कमी पडते, हेही त्यांनी बजावले. सरकारने १८८२ साली २७ रुपयांचा आकडा पुढे केला, कर्झनने १९०१ साली ३० रुपयांचा. पाव शतक हा वाद सरासरी विरुद्ध सरासरी असाच चालला. दादाभाईंनी वर्मावर बोट ठेवले होते, पण त्यांच्या हातात वारंवारता सारणी नव्हती. पाच रुपयांखाली किती माणसे, पाच ते दहात किती, दहा ते वीसमध्ये किती, हे कुणी मोजलेच नव्हते. मोजण्याची इच्छा राज्यकर्त्यांना असण्याचे कारणही नव्हते. सारणी नसली की मधल्या माणसाला उभे राहायला जागाच मिळत नाही.

ती सारणी स्वातंत्र्यानंतर तयार झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. प्रशिक्षित माणसे निवडक घरी जाऊन महिनाभराचा खर्च विचारू लागली: धान्य किती, डाळ किती, तेल, जळण, कापड. दरडोई मासिक खर्चाचे गट पाडून प्रत्येक गटात किती लोक येतात याचे तक्ते छापले जाऊ लागले. शेवटचा गट ‘अमुक रुपये व त्याहून अधिक’ असा उघडा ठेवलेला असे. सरासरी काढणाऱ्याची इथे अडचण होते, कारण त्या उघड्या गटाचा मध्य कुठे धरायचा हे ठरवावे लागते आणि श्रीमंत किती श्रीमंत आहेत यावर उत्तर हलते. मध्यकाला ही अडचण येत नाही. वरचा माणूस लाख खर्चतो की कोटी, मधल्या माणसाची जागा बदलत नाही. उत्पन्नाच्या आणि खर्चाच्या तक्त्यांसाठी मध्यक वापरावा असा आग्रह धरायला हे एक कारण पुरेसे आहे.

याच तक्त्यांवर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी काम केले. त्यांचे १९७१ साली प्रसिद्ध झालेले दारिद्र्यावरचे लिखाण भारतातल्या अर्थविचाराचा एक टप्पा मानले जाते. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळतील एवढ्या अन्नाला पुरणारा खर्च त्यांनी आधार धरला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान पातळी ठरवली. मग तक्त्यात त्या पातळीखाली किती लोक येतात ते काढले. मध्यकाची रीत उलटी फिरवली की हेच होते. मध्यकात लोकसंख्येचा निम्मा हिस्सा ठरलेला असतो आणि रुपये शोधायचे असतात. इथे रुपये ठरलेले असतात आणि हिस्सा शोधायचा असतो. रेषा एखाद्या गटाच्या मधोमध पडली तर त्या गटातली किती माणसे रेषेखाली मोजायची हा तोच जुना प्रश्न, आणि माणसे सारखी पसरलेली आहेत का हा तोच जुना संशय. उत्तर आले: खेड्यांत सुमारे ४० टक्के, शहरांत जवळजवळ ५०. हा दुसरा आकडा नीट वाचावा. शहरात जवळजवळ निम्मे लोक रेषेखाली, याचा अर्थ शहरातला अगदी मधला माणूस किमान अन्नाच्या रेषेच्या शेजारीच उभा होता. देशाच्या सरासरी उत्पन्नाचा कोणताही आकडा हे सांगू शकला नसता.

यावर पुढे वाद झाला तोही महाराष्ट्रातच, आणि तो घरोघर वाचला जावा अशा तोडीचा होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जागतिक अन्न व शेती संघटनेत काम करून पुण्याला परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की माणसामाणसाची भूक वेगळी, एकाच माणसाची रोजची वेगळी. सरासरी गरजेवर रेषा ओढली तर अगदी धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या लोकांतलेही जवळपास निम्मे तिच्याखाली दिसणारच. दांडेकरांना हे मान्य नव्हते. रेषेखालचा गरीब किती खातो यापेक्षा त्याच्या हाती खायला पैसा किती आहे हे त्यांना मोजायचे होते. दोघांपैकी मला दांडेकरांची बाजू अधिक पटते. पण रेषा कुठे पडते आणि तिच्या खालचे कोण, हा प्रश्न सुखात्म्यांनी लावून धरला म्हणूनच चर्चा सखोल झाली.

सारणीवर अवलंबून असलेला प्रत्येक आकडा ती सारणी निघाली तरच जिवंत राहतो. घरगुती खर्चाची पाहणी २०११-१२ मध्ये झाली. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. पुढचे तक्ते २०२२-२३ चे. मधली अकरा वर्षे देशातला मधला माणूस किती खर्चतो याचे सरळ उत्तर कुणाजवळ नव्हते. त्या अकरा वर्षांत नोटाबंदी आली, वस्तू व सेवा कर आला, करोना आला. दर्जात खोट होती तर खोटीसकट तक्ते छापून खोट कुठे आहे ते लिहायला हवे होते. १६६२ सालच्या एका फितीविक्याला ते जमले होते.

जनगणनेचेही तेच. २०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली. आता तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर पूर्ण मोजणीचा शेवटचा वयवार तक्ता २०११ चाच. तो उघडून मधले वय काढून पाहू. कोटींत आकडे असे: ० ते ४ वर्षे ११.२८, ५ ते ९ वर्षे १२.६९, १० ते १४ वर्षे १३.२७, १५ ते १९ वर्षे १२.०५. इथपर्यंतची बेरीज साधारण ४९.३० कोटी. पुढचा २० ते २४ चा गट ११.१४ कोटींचा. वय नोंदलेल्यांची एकूण संख्या १२०.६४ कोटी, निम्मे ६०.३२. अजून ११.०२ कोटी हवेत आणि गटात ११.१४ आहेत, म्हणजे जवळजवळ सगळा गट ओलांडावा लागतो. उत्तर २४.९५ वर्षे.

इथे दहावीच्या मुलाला एक खड्डा लागतो. वर्ग २०-२४, २५-२९ असे तुटक दिसले की खालच्या मर्यादेतून अर्धा वजा करून १९.५ घ्यायचे, असे त्याला शिकवलेले असते. उंची सेंटिमीटरच्या जवळच्या आकड्याला पूर्ण करून लिहिली असेल तर ते बरोबर आहे. वय तसे लिहीत नाहीत. २४ म्हणजे चोविसावा वाढदिवस झाला आणि पंचविसावा व्हायचा आहे. हा गट २० पासून २५ पूर्ण होईपर्यंतचा आहे, त्याची खालची मर्यादा २० च. नियम डोळे मिटून लावला तर देश सहा महिन्यांनी तरुण होतो.

दुसरी गोष्ट सूत्रात मावतच नाही. आपल्याकडे वय विचारले की अनेकजण जवळच्या गोल आकड्यावर थांबतात. वीस, पंचवीस, तीस. घरातला एकजण सगळ्यांची वये सांगत असला की हे अधिकच होते. जनगणना एकेका वर्षाच्या वयाचेही तक्ते काढते आणि त्यांत शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयांपाशी ढीग साचलेले दिसतात. आपला मध्यक नेमका पंचविसाच्या दाराशी आला आहे. चोवीस वर्षांच्या ज्याने ‘पंचवीस’ सांगितले तो पुढच्या गटात गेला, सव्वीसच्या ज्याने ‘पंचवीस’ सांगितले तो त्याच गटात राहिला. म्हणून २४.९५ मधल्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर फार जोर देऊ नये. पंचविसाच्या आसपास, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

आणि वय न सांगितलेले सुमारे ४५ लाख लोक आपण सरळ बाजूला काढले. ते वयाने बाकीच्यांसारखेच आहेत असे मनात धरून काढले. म्हातारी माणसे त्यांत जास्त असतील तर मध्यक किंचित वर सरकेल.

असे तक्ते शाळेत यायला हवेत. दहावीच्या वर्गात कुठल्याशा कारखान्यातल्या कामगारांच्या काल्पनिक सारणीवर मध्यक काढून घेतला जातो. गणिताची रीत त्याने बसते. वर्ग कुणी पाडले, शेवटचा वर्ग उघडा का ठेवला, आकडा सांगणारा खरे बोलला का, मधल्या वर्गात माणसे सारखी पसरली आहेत का, यातले काहीच तिथे विचारता येत नाही, कारण ती माणसेच नसतात. जनगणनेचे तक्ते सर्वांना खुले आहेत. जून महिन्यात शिक्षकाने आपल्या जिल्ह्याचा वयवार तक्ता छापून वर्गात वाटला, मुलांनी शेजारी संचित वारंवारतेचा स्तंभ लिहिला, पुरुषांचा आणि स्त्रियांचा मध्यक वेगवेगळा काढला, तर दोन तासिकांचे काम आहे. बाहेरगावी कामाला गेलेल्या तरुणांचा जिल्हा असेल तर तो त्या आकड्यांत दिसेल. २०२७ चे तक्ते आले की हाच हिशेब पुन्हा मांडता येईल आणि सोळा वर्षांत जिल्हा किती म्हातारा झाला ते मुलांना स्वतःच्या वहीत पाहता येईल.

परीक्षा मंडळाने एवढे तरी करावे की चार गुणांच्या प्रश्नातला एक गुण सूत्राबाहेर ठेवावा: सरासरी आणि मध्यक यांपैकी या सारणीला कोणता लावाल आणि का, ते एका वाक्यात लिहा.